ओटा कुणाच्या उंचीचा?

देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये आढळला. त्याआधीची काही दशकं नगर जिल्ह्यातल्या हायस्कुलांत कॅलिपर घातलेलं पोर दिसणं नवलाचं नव्हतं. वर्गात ते पहिल्या बाकावर बसे. प्रात्यक्षिकाला मात्र ओटा छातीशी, नळ हाताबाहेर आणि एक हात कुबडीत गुंतलेला. मग ‘तू निरीक्षणं लिही’ म्हणून वही हातात दिली जाई. यात दुष्टावा नव्हता. कित्येक खेड्यांत प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट. तिथे धडधाकट मुलंही गुरुजींचा प्रयोग लांबूनच बघत.

१९७४मध्ये केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना आली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने शाळांच्या इमारतींतले अडथळे काढायला सांगितलं. सर्व शिक्षा अभियानात रॅम्प झाले, विशेष शिक्षक शाळोशाळी फिरू लागले. नगरच्या ‘अनामप्रेम’सारख्या संस्थेमुळे दिव्यांग मुलांना पुढे शिकायला आधार मिळाला. प्रयोगशाळेच्या दाराशी मात्र गाडी अडली. बोर्डाने दिव्यांगांना विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र घेण्याची मुभा दिली. काहींना ती खरोखर हवी होती. पण ज्याचे फक्त पाय अधू, त्याने विज्ञान का सोडावं? अडचण रसायनाची नव्हती, ओट्याची होती.

आणि ओट्याचं उत्तर सुताराकडे असतं. उभ्याने काम करायचा ओटा साधारण तीन फुटांचा. व्हीलचेअरवरच्या मुलाला अडीच फूट पुरतो, खाली गुडघे जायला मोकळी जागा हवी. ब्युरेटचा स्टँड खाली घेतला की बसल्या बसल्या आकडा वाचता येतो. हात थरथरत असेल तर चंचुपात्रातलं द्रावण ढवळायला चुंबकीय ढवळणी. ओहमच्या नियमाला स्क्रूऐवजी क्रोकोडाइल क्लिप. सूक्ष्मदर्शकावर मोबाइलचा कॅमेरा धरला की वाकायला नको. हात चालतच नसतील तर जोडीदार करेल, पण विद्यार्थी सांगेल त्याप्रमाणेच: ‘पाच थेंब टाक, थांब, आता गरम कर.’ प्रयोग सांगणाऱ्याचाच. गुणही त्यालाच, आणि चुकीचा क्रम सांगितला तर चूकही त्याचीच.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉ, काड्यापेटी, चुंबकांतून उभं केलेलं विज्ञान खरं तर गरीब शाळांसाठी होतं. जमिनीवर बसून करता येत असल्याने ते इथेही चपखल बसतं.

पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. पडद्यावर प्रयोग करून पाहायला ‘ओलॅब्ज’ ही ऑनलाइन प्रयोगशाळाही मराठीत आली. उजळणीला ती उत्तम. पण चुनकळीत पाणी टाकल्यावर तापलेलं भांडं माउसला कळत नाही. ‘तू कॉम्प्युटरवर कर’ ही मला जुन्या वहीचीच नवी आवृत्ती वाटते.

लेखी पेपरला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा, हे आता पालकांना पाठ आहे. बुटका ओटा मात्र फारसं कुणी मागत नाही. नव्या इमारतीचा नकाशा काढतानाच मागितला, तर त्याला म्हणावा असा जादा खर्चही येत नाही.