पीसी गेमचे दुकान कोणाच्या ताब्यात?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये पीसीवर आला. अहिल्यानगरच्या खेळाडूला तो ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातून घरबसल्या डाउनलोड करता येतो.

व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेले स्टीम विक्रीतला ३० टक्के वाटा स्वतःकडे ठेवते. एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरपुढे गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के आणि ५ कोटींपुढे २० टक्के. म्हणजे सवलत बड्यांना. छोट्या स्टुडिओला पूर्ण कपात.

डिसेंबर २०१८ मध्ये एपिक गेम्स या कंपनीने १२ टक्के घेणारे दुकान उघडले, तरी स्टीमचे वर्चस्व टिकले. कारण घेतलेले गेम आणि मित्रांची यादी जुन्या खात्यातच अडकलेली असते. शिवाय आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना, मालकी नव्हे. ‘जीओजी’ या दुकानातून मात्र डिजिटल कुलूप नसलेली इन्स्टॉलर फाइल स्वतःजवळ जपता येते.

म्हणून खरेदीपूर्वी किमतीबरोबर अटीही पाहाव्यात. दुकाने अनेक असून भागत नाही. ग्राहकाला एकातून दुसऱ्यात जाता आले, तरच स्पर्धा खरी.