सरपंचपदाचा लिलाव

बाजारात बैलाची बोली लागते. पण सरपंचपदाची? तीही लागली! नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत. राज्य निवडणूक आयोगाने चौकशीचे अहवाल पाहिले आणि जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

कोणी म्हणेल, "पैसा देवळालाच जातो ना, मग बिघडलं कुठं?" अहो, ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याने उभंच राहायचं नाही काय? आणि मजुरीला जाणाऱ्या बाईचं मत तर न देताच संपलं!

सर्वांनी मनापासून एकच नाव ठरवलं, तर बिनविरोध निवडीला कायद्याची ना नाही. मात्र कोणी उभं राहू नये म्हणून पैसे चारणं, दम देणं हा गुन्हा आहे. असं दिसलं तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. आता तुम्हांला लिहिता येतं.