‘वसल’ कोणास म्हणावें?

श्रावस्ती नगरींत अग्गिक भारद्वाज नांवाचा ब्राह्मण अग्नि प्रज्वलित करून, आहुतीची सिद्धता करून होता. इतक्यांत घरोघर भिक्षा मागत येणारे बुद्ध त्यास दिसले. ‘मुंडका, समणका, वसलका, तेथेंच थांब!’ असें तो दुरूनच ओरडला. ही कथा ‘सुत्तनिपाता’च्या वसलसुत्तांत आहे. गोमंतकांतील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या अनुवादानें हा ग्रंथ मराठींत आला.

मुंड म्हणजे डोकें भादरलेला, समण म्हणजे श्रमण. या शब्दांना जोडलेला ‘क’ तुच्छतेचा आहे. कारकुनाचा ‘कारकुंडा’ केला कीं मराठींत उमटतो तोच सूर. ‘वसल’ हें संस्कृतांतील ‘वृषल’ शब्दाचें पालि रूप. अर्थ कुलहीन, हलका मनुष्य. ‘मुद्राराक्षस’ नाटकांत चाणक्य प्रत्यक्ष सम्राट् चंद्रगुप्तालाहि ‘वृषल’ म्हणूनच हांक मारतो!

बुद्ध रागावले नाहींत. वसल कोण आणि मनुष्य वसल कशानें होतो, हें तुला ठाऊक आहे काय, एवढेंच त्यांनीं विचारलें. ब्राह्मणास तें ठाऊक नव्हतें. शिवी देऊन झाली, अर्थ मात्र विचारून घ्यावा लागला.

मग बुद्धांनीं लक्षणें सांगितलीं, त्यांत कुळाचें नांव नाहीं. पहिलेंच लक्षण क्रोधी व मनांत अढी धरणाऱ्याचें आहे. होमापाशीं संतापून उभ्या असलेल्या गृहस्थास तें झोंबलें असेल! कर्ज घेऊन, मागावयास येतांच ‘तुझें कांहीं देणें नाहीं’ म्हणणारा वसल; लांच घेऊन खोटी साक्ष देणारा वसल; ऐपत असून वृद्ध आईबापांना न पोसणारा वसल; दुसऱ्याकडे सुग्रास जेवून, तो घरीं आला असतां त्याचा आदर न करणारा वसल. सर्वांत अधम कोण? अर्हत् नसतां स्वतःस अर्हत् म्हणविणारा. म्हणजे हा मापदंड भगव्या वस्त्रांसहि लागू आहे. उलट चांडालपुत्र मातंग ब्रह्मलोकास गेला, जन्म त्याच्या आड आला नाहीं, हा दाखलाहि तेथेंच मिळतो.

मिरजोळ्याशेजारच्या रत्नागिरी शहरांत १९३१ सालीं भागोजीशेठ कीर यांनीं पतितपावन मंदिर बांधलें व तें अस्पृश्यांसहि खुलें झालें. कार्य मोठें खरें. परंतु ‘पतितपावन’ या नांवांत, आंत येणाऱ्यास आधीं पतित मानावें लागतें. वसलसुत्त तो शब्दच जन्मावरून उचलून कर्मावर ठेवतें.

भारद्वाज त्याच दिवशीं उपासक झाला. पेटविलेल्या होमाचें पुढें काय झालें, तें सुत्तांत नाहीं.