रुंद फळ्यांची तक्तपोशी

वैशाखाच्या कोरड्या झळा ओसरून नर्मदेच्या खोऱ्यावर मेघ दाटू लागले, की जबलपुरात ज्यांनी मोठ्या हौसेने दिवाणखान्यात रुंद सागवानी फळ्यांची तक्तपोशी करवून घेतली, त्यांची तक्रार पालटते: उन्हाळ्यात सांधे उघडले होते, आता कडा उचलल्या आहेत. हा दोष दर वेळी सुताराच्या हाताचा नसतो. लाकूड हवेतील बाष्प अखंड घेते आणि सोडते. त्यामुळे होणारे प्रसरण-आकुंचन लांबीच्या दिशेने नगण्य, परंतु वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने त्रिज्येच्या जवळजवळ दुप्पट असते. सागवान या बाबतीत संयमी खरे. तथापि २०० मिलिमीटर रुंद फळीतील आर्द्रता ६ टक्क्यांनी बदलली, तर तिची रुंदी सुमारे २ मिलिमीटरने बदलते, आणि अरुंद फळ्यांत अनेक सांध्यांवर विभागला जाणारा हा फरक येथे एकाच सांध्यावर येऊन पडतो.

माझ्या मते, खरी हयगय पॉलिशात होते. वरचीच बाजू माखली, की खालची उघडी बाजू जमिनीची ओल शोषून फुगते आणि फळी पन्हळीसारखी वाकते. म्हणून तेल अथवा रोगण दोन्ही अंगांना, आणि तेही लाकूड त्याच खोलीत काही आठवडे मुरल्यावर, लावावे, व भिंतीलगत सोडलेली फट पट्टीखाली झाकावी, बुजवू नये.