परग्रहावरचा घरजावई

'ड्रॅगन बॉल झेड'मधल्या हाणामाऱ्या सगळ्यांनीच पाहिल्या. पण दोन हाणामाऱ्यांच्या मधल्या वेळात ह्या परग्रहवासीयांचे संसार कसे चालतात, यावर बुवापाड्यातली एक गँग अजूनही शनिवारी रात्री तावातावाने भांडते!

सांगा बघू, व्हेजिटा आणि बुल्माचं लग्न नक्की कधी झालं?

डोकं खाजवू नका. आठवणारच नाही, कारण ते दाखवलेलंच नाही. ह्या सीरियलमध्ये एकाने दुसऱ्याला डोंगरावर आपटायला चार-चार एपिसोड लागतात. पण पृथ्वी बेचिराख करायला आलेला राजपुत्र इथल्याच एका मुलीच्या पोराचा बाप होतो, ही एवढी मोठी गोष्ट मात्र कथेतल्या तीन वर्षांच्या गॅपमध्ये गुपचूप उरकून टाकलीय. गॅपच्या अलीकडे तो तिच्या घरात राहणारा, सतत कपाळाला आठ्या घातलेला उपरा पाहुणा. पलीकडे तिच्या कडेवर ट्रंक्स. मधे काय झालं, ते ज्याने त्याने आपलं आपण ठरवायचं.

आणि ठरवणारे ठरवतातच. अंबरनाथ पश्चिमेला बुवापाड्यात एकत्र वाढलेली पाच-सहा जणांची ही गँग. कॉलेजच्या एका मैत्रिणीमुळे माझी त्यांच्याशी ओळख झाली. ती अकाउंट्समध्ये, एक जण कॉल सेंटरमध्ये, एक बँकेत, एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून 'ड्रॅगन बॉल झेड' लागायचं तेव्हा ही मंडळी शाळेत होती आणि ज्याच्या घरी केबल त्याच्या दारात बाकीच्यांच्या चपला असायच्या. मे २०२२ मध्ये पुढची मालिका 'ड्रॅगन बॉल सुपर' हिंदीत आली तेव्हा सगळ्यांच्या घरी वेगवेगळे टीव्ही होते, तरी चपला पुन्हा एकाच दारात दिसायला लागल्या.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानी चित्रकथाकार अकिरा तोरियामाने १९८४ ते १९९५ ही कथा चित्रांतून लिहिली. 'झेड' हा तिचा टीव्हीवरचा भाग जपानमध्ये १९८९ ते १९९६ चालला. हीरो गोकूला मोठेपणी कळतं, की आपण पृथ्वीवरचे नाहीच, सायन आहोत. (शीव स्टेशनचे नव्हे, लढाऊ जमातीचे!) जपानीत भाजीला 'यासाई' म्हणतात, त्याचीच अक्षरं फिरवून हे नाव केलंय. गोकूचं खरं नाव काकारॉट म्हणजे गाजर, भाऊ रॅडिट्झ म्हणजे मुळा, नापा म्हणजे चिनी कोबी आणि राजपुत्र व्हेजिटा म्हणजे अख्खी मंडई. अशा नावांच्या लोकांच्या प्रेमप्रकरणांवर ही मोठी माणसं रात्री जागवतात, हे ऐकून मी आधी फक्त हसले होते.

पण फंडा लक्षात घ्या. 'कोई... मिल गया' (२००३) मधल्या आपल्या जादूला उन्हाशिवाय काही लागत नसे. त्याच्या ग्रहावर लग्नं कशी जमतात, हे कोणी विचारलं? सायनांना मात्र समाज आहे. राजा आहे, वरची-खालची माणसं आहेत. पोर जन्मलं की त्याची ताकद मोजतात. कमी भरली तर त्याला यानात घालून दुबळ्या लोकांच्या ग्रहावर पाठवून देतात. पहिल्या लढाईत व्हेजिटा गोकूला हेच ऐकवतो, की तू खालच्या दर्जाचा. गोकूचं उत्तर असं, की बरं झालं, त्यामुळेच मी इथे वाढलो; आणि खालचा ठरवलेला माणूसही मेहनतीने वर जातो.

'हा सीन आम्हाला कोणी समजावून सांगावा लागला नाही,' बँकवाला म्हणतो. त्याच्या मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यापुढे मीही काही विचारलं नाही.

वादाला खरं तोंड फुटतं ते २०१४ पासून. तोरियामाने त्या वर्षी एक छोटी कथा लिहिली आणि गोकूला आई दिली. तिचं नाव गिने. सायन असून मऊ स्वभावाची, लढाई सोडून मांसाच्या वाटपाचं काम करणारी. ती आणि बाप बार्डॉक ग्रहावरचं संकट ओळखतात आणि पोराला वाचवायला पृथ्वीवर पाठवतात. १९९० च्या टीव्ही स्पेशलमधला बार्डॉक मात्र कमी ताकदीच्या पोराची फारशी पर्वा न करणारा बाप होता. म्हणजे आधी फेकून दिलेलं पोर, नंतर जीव लावून पाठवलेलं पोर. कोणतं खरं?

कॉल सेंटरवाल्याची थिअरी अशी, की सायनांत कुटुंब नावाची गोष्टच नाही, गिने-बार्डॉक हा अपवाद. म्हणून तर गोकू इतका प्रेमळ निघाला, रक्तातच आहे. ह्यावर बँकवाला उसळतो. 'म्हणजे चांगुलपणासुद्धा चांगल्या खानदानातूनच यायचा का? मला जुना गोकू पाहिजे. फेकलेला. त्याला घडवलं ते सांभाळणाऱ्या आजोबांनी.' मग तो २०१८ च्या 'ब्रोली' सिनेमातला मुद्दा काढतो. त्यात ब्रोली नावाच्या बाळाची ताकद चक्क राजपुत्रापेक्षा जास्त भरते. मग त्याला डोक्यावर घेतात का? नाही! राजा त्यालाही ओसाड ग्रहावर हाकलून देतो. 'कमी मार्क पडले तरी बाहेर, जास्त पडले तरी बाहेर. आता बोला मेरिटवर!'

माझं मत विचाराल तर कथा म्हणून मला गिने आवडते, पण वादात बँकवाला जिंकतो. ताकद मोजायला एका डोळ्यावर लावायचं जे यंत्र सायन वापरतात, त्याला स्काउटर म्हणतात. ज्यांनी अप्रेझलच्या दिवशी बॉसच्या केबिनमधून आपलं रेटिंग हातात घेऊन बाहेर पाऊल टाकलंय, त्यांना तो कसा चालतो हे वेगळं सांगायला नको.

गोकू-चीचीच्या संसारावर गँगमध्ये फारसं दुमत नाही. लहानपणी त्याने लग्नाचं वचन दिलं ते लग्न म्हणजे काहीतरी खायची गोष्ट असेल असं समजून! मोठेपणी ती समोर उभी राहिली तेव्हा विचारून घेतलं आणि लगेच हो म्हणाला. नंतर मात्र घर तिने बघायचं, पोराचा अभ्यास तिने घ्यायचा आणि कजाग म्हणून बोलणीही तिनेच खायची. मुलं तिला हसायची. आता ह्या मुलांपैकी दोघांना स्वतःची मुलं आहेत आणि ते एकदम चीचीच्या पार्टीत गेलेत. असो.

खरा जीव आहे तो तीन वर्षांच्या गॅपमध्ये. टीव्हीवाल्यांनी तिथे एक ठिगळ लावलंय. व्यायामाच्या यानात स्फोट होतो, व्हेजिटा जखमी होतो आणि बुल्मा त्याच्या उशाशी बसून राहते. कट्टर फॅन ह्याला 'फिलर' म्हणतात, कारण मूळ चित्रकथेत ही पानं नाहीत. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतो, त्यात प्रेमबिम काही नाही. राजपुत्राला राहायला जागा पाहिजे होती, बस. कॉल सेंटरवाला म्हणतो, सायनांना ताकदवान माणूसच आवडतो आणि सगळ्यांत डेअरिंगबाज बुल्माच होती. आख्खी पृथ्वी ज्याला घाबरते त्याला ती तोंडावर झापते.

माझ्या मैत्रिणीची थिअरी ह्या सगळ्यांपेक्षा वेगळी. ती म्हणते, तुम्ही बुल्मा आणि व्हेजिटाकडेच बघता, घरातल्या बाकीच्यांकडे बघा. बुल्माची आई. कायम हसतमुख, कायम काहीतरी खायला घेऊन येणारी. ज्याच्या टोळीमुळे आपल्या मुलीचा तेव्हाचा मित्र मेला, त्याच माणसाला ती खाऊपिऊ घालते. बाप त्याला कसरतीसाठी तालीम बांधून देतो. 'तो त्या घरात राहिला, कारण त्याला तिथे रोज कोणीतरी जेवायला हाक मारायचं. सायनांच्या ग्रहावर अशी हाक कोणी मारत नसणार.' थोडक्यात, व्हेजिटा हा विश्वातला पहिला घरजावई. पुढे 'सुपर'मध्ये बुल्मा दुसऱ्यांदा आई होणार असते, तेव्हा हाच राजपुत्र बाळ जन्मेपर्यंत स्पर्धेला यायचं नाही म्हणून अडून बसतो. मैत्रीण म्हणते, हे त्या जेवणाचं फळ.

ती हे इतक्या पोटतिडकीने का मांडते, ते गँगला ठाऊक होतं. मला जरा उशिरा कळलं. तिचा चार वर्षांपासूनचा मित्र बदलापूरला राहतो. जात वेगळी. घरी सांगितलं तेव्हा वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आई बोलत होती, पण फक्त डब्याबद्दल. पळून जाऊन रजिस्टर लग्न करायचा सल्ला गँगने दिला, साक्षीदार म्हणून सह्या करायलाही सगळे तयार होते. तिने ऐकलं नाही. 'मला तीन वर्षं थांबायला लागलं तरी चालेल. पण तो आमच्या घरी जेवला पाहिजे.'

गेल्या महिन्यात एका रविवारी तो जेवायला आला. हे मी तिच्याकडून ऐकलेलं सांगतेय. आईने मटण केलं होतं आणि न विचारता दुसऱ्यांदा रस्सा वाढला. वडिलांनी टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज वाढवला, पण पानावरून उठले नाहीत. निघताना त्याला एकच प्रश्न विचारला, 'सकाळची कोणती लोकल पकडता?'

पकडता. पकडतोस नाही! आता हे 'अहो-जाहो' परक्या माणसासाठी होतं की जावयासाठी, यावर गँगमध्ये सरळसरळ दोन पार्ट्या पडल्या आहेत. गेल्या शनिवारी मी रात्री दीडला तिथून निघाले, तेव्हाही बँकवाला म्हणत होता, की आवाजाचा टोन कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही, तिने पुन्हा एकदा नीट, जसंच्या तसं म्हणून दाखवावं.