व्यवसायाचा कल : उपजत किती, घडविलेला किती?

दहावीचा निकाल लागला की मुलगा तंत्रशाळेकडे आणि मुलगी अध्यापनाकडे वा परिचर्येकडे, ही वाटणी अनेक घरांतून न बोलताच होते. तिच्या मागे मुलामुलींचा उपजत कल आहे की समाजाने लावलेले वळण, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही.

सरासरी फरक मात्र नाकारता येत नाही. अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये पाच लाखांहून अधिक व्यक्तींच्या आवडींविषयीची माहिती एकत्र पडताळली. पुरुषांचा ओढा वस्तू व यंत्रे यांच्याकडे, तर स्त्रियांचा माणसांशी संबंध येणाऱ्या कामाकडे अधिक दिसला. जन्मापूर्वी विशिष्ट विकारामुळे पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव अधिक पडलेल्या मुलींची आवडही सरासरीने वस्तूंकडे झुकते. म्हणजे निसर्गाचा काही वाटा असावा. अर्थात ही सरासरी समूहाची; वर्गातील एखाद्या मुलीविषयी ती फारसे सांगत नाही.

शिवाय शरीररचना एका पिढीत बदलत नाही, आवडी मात्र बदललेल्या दिसतात. 'एनिॲक' या आरंभीच्या संगणकाच्या पहिल्या सहाही आज्ञावलीकार स्त्रिया होत्या. अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास स्त्रिया शेकडा ३७ होत्या. पंचवीस वर्षांनंतर त्या शेकडा १८ च्या आसपास उरल्या.

पंचायत सदस्यांना अधिक जवळचा पुरावा पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील आहे. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनुसार तेथे एक-तृतीयांश प्रधानपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. कोणते गाव राखीव, हे कोणाच्या मर्जीवर नव्हते. म्हणून तुलना शक्य झाली. ४९५ गावांतील या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलीने पुढे काय व्हावे, या प्रश्नास 'गृहिणी' किंवा 'सासरचे ठरवतील ते' अशीही उत्तरे येत. परंतु जेथे दोन वेळा पद स्त्रीसाठी राखीव होते, तेथे मुलगा व मुलगी यांच्याविषयीच्या पालकांच्या आकांक्षांतील अंतर शेकडा २५ नी, तर खुद्द मुलामुलींच्या आकांक्षांतील अंतर शेकडा ३२ नी घटले. शिक्षणातील तफावत नाहीशी झाली, मुलींचा घरकामातील वेळही कमी झाला. तरुणींसाठी नोकऱ्या वाढल्याचे मात्र आढळले नाही. बदलले होते ते मुलींच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मात्र जेथे सरपंचबाईंच्या नावाने त्यांचे यजमानच कारभार पाहतात, तेथे शाळकरी मुलींना खुर्चीवर कोण दिसते, हे निराळे सांगावयास नको.