बाळ आले, मांजर रुसले

बाळंतपणासाठी माहेरी गेलेली सून तीन महिन्यांनी बाळाला घेऊन परतते. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, पाळणा टांगला जातो, बाळ पाहायला शेजारीपाजारी येऊन जातात. या धांदलीत घरातले मांजर कपाटावर जाऊन बसले आहे, हे दोन दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिसऱ्या दिवशी धुतलेल्या दुपट्यांवर मांजराची लघवी आढळते आणि 'हे मांजर आधी कोणाला तरी देऊन टाका' असा हुकूम सुटतो.

मांजराने सूड उगवला, असा अर्थ अशा वेळी हमखास काढला जातो. तो खरा नाही. मांजर हद्द राखून राहते आणि ही हद्द त्याला प्रामुख्याने वासावरून ओळखता येते. वेखंड, बाळंतशोपेची धुरी, मालिशचे तेल, येणारी-जाणारी नवी माणसे यांनी घराचा वासच पालटून जातो. खरे तर त्याला पहिला धक्का बाळ येण्याआधीच बसलेला असतो. जिच्या पायाशी ते रोज झोपत असे, ती व्यक्ती अचानक कित्येक महिने दिसेनाशी होते. ती परतते तेव्हा तिच्या खोलीचे दार बंद झालेले असते. अशा वेळी आपल्या वासाची खूण जागोजागी ठेवून मांजर गमावलेली हद्द पुन्हा उभी करू पाहते.

दडून बसणे, खाणे कमी होणे, पोटावरचे केस चाटून चाटून विरळ करणे, वाळूचा ट्रे सोडून भलतीकडे घाण करणे ही तणावाची लक्षणे. मात्र प्रत्येक लक्षणाला रुसवा समजणे धोक्याचे ठरू शकते. बोका वारंवार लघवीला बसत असेल आणि थेंबही होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. उपचाराविना असा बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. मांजराने पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तरीही पशुवैद्याकडे नेणे इष्ट.

मांजर घालवण्याचा सल्ला अनेकदा गरोदरपणातच मिळतो. त्यामागे भीती असते टॉक्सोप्लाझ्मोसिसची. हा संसर्ग गर्भाला घातक ठरू शकतो, हे सत्य आहे. परंतु तो अर्धकच्चे मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतील माती यांतूनही होतो. मांजराच्या विष्ठेतून हे जंतू सहसा पहिल्या संसर्गानंतरचे दोन-तीन आठवडेच बाहेर पडतात आणि रोगकारक होण्यास त्यांना किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज स्वच्छ केला, ते काम गर्भवतीऐवजी दुसऱ्या कोणी केले आणि मांजराला कच्चे मांस दिले नाही, तर धोका बराच कमी होतो.

बहुतेक मांजरे काही आठवड्यांत रुळतात. त्यासाठी फार खटाटोप लागत नाही. ट्रे आणि खाण्याची जागा वर्दळीपासून दूर असावी, चढून बसायला एखादी उंच फळी मोकळी असावी, जेवणाची वेळ चुकू नये. बाळाला गुंडाळलेले एखादे फडके जमिनीवर ठेवून मांजराला स्वतःहून हुंगू द्यावे. पाळण्याला जाळी असावी, आणि मांजर कितीही गरीब असले तरी बाळाजवळ त्याला एकटे सोडू नये. ओरखडा उठलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांना दाखवावी.

एवढे करूनही काही मांजरे सावरत नाहीत. महिना-दोन महिने उलटले तरी ते पलंगाखालून बाहेर येत नसेल, अंगावर धावून जात असेल किंवा बाळाला दम्याचा त्रास होऊन डॉक्टरांनीच सांगितले असेल, तर दुसरे घर शोधण्यात निर्दयपणा नाही. अडीच खोल्यांच्या घरात रात्रंदिवस घाबरून राहण्यापेक्षा एखाद्या शांत घरी गेलेले मांजर अधिक सुखी असते.

पण घर शोधणे वेगळे आणि पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून येणे वेगळे. 'तिथे त्याचे पोट भरेल' ही सोडणाऱ्याच्या मनाची समजूत असते. घरात वाढलेल्या मांजराला तिथली मांजरे टिकू देत नाहीत. कुत्रे आणि वाहने यांची त्याला सवय नसते. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची कमाल मर्यादा पन्नास रुपये होती. धाक किती, ते या आकड्यावरूनच कळावे!

नव्या घराचा शोध ओळखीच्यांपासून सुरू करावा. मांजराला आधीपासून ओळखणारी मावशी किंवा सुटीत त्याला सांभाळणारे शेजारी हे अनोळखी माणसापेक्षा केव्हाही बरे. देण्यापूर्वी नसबंदी आणि लसीकरण झालेले असावे, त्याची कागदपत्रे सोबत द्यावीत. घर स्वतः पाहून यावे. खिडक्यांना जाळ्या आहेत का, घरात दुसरे कुत्रे-मांजर आहे का, हे विचारण्यात संकोच नको. मांजर लघवी कुठेही करते, ही गोष्ट लपवली तर ते आठवड्यात परत येते किंवा रस्त्यावर जाते. 'नाही जमले तर आम्हालाच परत करा' हेही स्पष्ट सांगून ठेवावे.

मांजराबरोबर त्याची न धुतलेली चादर, जुना ट्रे आणि नेहमीचे खाणे पाठवावे. नव्या घरात पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे आणि तीन-चार आठवडे तरी बाहेर सोडू नये; जुन्या घराच्या ओढीने निघालेले मांजर वाटेतच हरवते. सुरुवातीला ते पलंगाखाली जाऊन बसेल. त्याला ओढून बाहेर काढू नये. वाटी जवळ ठेवून दिवा मालवला, की बहुधा पहाटेपर्यंत ती रिकामी झालेली असते.